प्राणवायू होता, तरी लॅक्टेट वाढलं : २००३ च्या रेमेडिया प्रकरणाचा अभ्यास

नोव्हेंबर २००३ मध्ये इस्रायलमधल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत काही तान्ही बाळं गंभीर अवस्थेत दाखल झाली. आधीच्या तक्रारी कुठल्याही बालरोगतज्ज्ञाच्या रोजच्या ओपीडीतल्या होत्या: उलट्या, जुलाब, पोट फुगणं, किरकिर, मग सुस्ती. वजन वाढत नव्हतं. बऱ्याच बाळांना नुकताच कसला ना कसला संसर्ग होऊन गेला होता, त्यामुळे पहिला संशय जंतूंवर जाणं स्वाभाविक होतं. पण काही बाळांच्या डोळ्यांची हालचाल थांबत चालली होती, काहींचं हृदय फुगून त्याची ताकद कमी झाली होती, आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साचत होतं.

लॅक्टेट, म्हणजे रक्तातलं हेच लॅक्टिक आम्ल, वाढलं की डॉक्टरांच्या डोक्यात एक ठरलेली साखळी सुरू होते. पेशींना प्राणवायू पुरत नाही, म्हणून त्या विनॉक्सी, म्हणजे प्राणवायूशिवायच्या श्वसनावर गेल्या, म्हणून लॅक्टेट. मग प्राणवायू का पुरत नाही ते शोधा: रक्तदाब कोसळलाय का, जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय का, फुप्फुसं नीट चालतायत का. बहुतेक वेळा ही साखळी बरोबर निघते. या बाळांमध्ये मूळ दोष तिथे नव्हता. नाकापासून पेशीपर्यंत प्राणवायू पोचायची वाट मोकळी असूनही पेशी त्याचा उपयोग करू शकत नव्हत्या, कारण प्राणवायूची गरज लागते त्याच्या बरंच आधी, वाटेतल्या एका फाटकाची किल्ली हरवली होती.

शाळेत श्वसन शिकवताना आपण फळ्यावर तीन चौकटी काढतो. ग्लायकोलायसिस, क्रेब चक्र, इलेक्ट्रॉन वहन साखळी. पहिलीला प्राणवायू लागत नाही, तिसरीला लागतो, मधलीबद्दल मुलं गोंधळतात आणि परीक्षेत एका गुणाचा प्रश्न येतो. माझ्या मते या चौकटींनी जितकं शिकवलंय तितकंच बिघडवलंय. त्या एकीखाली एक ठेवल्या की वाटतं, वरची बंद पडली तर खालची थांबेल, पण खालची बंद पडली तरी वरचीचं काय बिघडतं? बाळांची पावडर विकणाऱ्या रेमेडिया कंपनीच्या नावाने ओळखलं जाणारं हे प्रकरण समजून घ्यायचं तर नेमकं हेच बघावं लागतं की खालचं वरच्याला कसं धरून ठेवतं.

ग्लायकोलायसिसमध्ये पेशीच्या द्रवात ग्लुकोजचा एक रेणू फुटून पायरुव्हेटचे दोन रेणू तयार होतात. निव्वळ हाती लागतात एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, दोन रेणू. या प्रवासात एका टप्प्यावर ग्लुकोजच्या तुकड्यातून इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, आणि ते घेणारा वाहक म्हणजे एनएडी. इलेक्ट्रॉन घेतले की तो भरलेला होतो, त्याला आपण एनएडीएच म्हणतो. पेशीत एनएडीचा साठा फार मोठा नसतो. भरलेला वाहक कुठेतरी रिकामा झाला, तरच तो परत येऊन पुढचं ग्लुकोज फोडायला मदत करणार. म्हणजे ज्या टप्प्याला प्राणवायू लागत नाही असं आपण घोकतो, तोसुद्धा ‘हे इलेक्ट्रॉन पुढे कोण घेणार?’ या प्रश्नाला बांधलेला आहे.

प्राणवायू असताना उत्तर सोपं आहे. एनएडीएचमधले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) पोचवले जातात, आतल्या पटलावरच्या साखळीतून एकेक पायरी उतरत शेवटी सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरापाशी (एन्झाइमपाशी) येतात, आणि तिथे प्राणवायू त्यांना घेऊन पाणी बनतो. श्वासातून घेतलेल्या प्राणवायूचा बहुतांश भाग शरीरात या एकाच ठिकाणी खर्ची पडतो. बाकी सगळं श्वसन त्याला हात न लावता चालतं. क्रेब चक्रातल्या एकाही अभिक्रियेत प्राणवायूचा रेणू थेट वापरला जात नाही. तरीही प्राणवायू नसेल तर ते चक्र फिरत नाही, कारण त्याला लागणारे रिकामे वाहक फक्त साखळीकडूनच परत येतात. चक्रातलं सक्सिनेट डिहायड्रोजिनेज हे विकर तर त्या साखळीचा दुसरा संकुलच आहे. एकच प्रथिन दोन्ही चौकटींत बसतं. फळ्यावर मात्र ते दोनदा काढलं जातं, दोन नावांनी.

प्राणवायू नसेल तर पेशी तात्पुरती सोय करते. पायरुव्हेटलाच एनएडीएचचे इलेक्ट्रॉन देऊन टाकते. पायरुव्हेटचं लॅक्टेट होतं, एनएडी मोकळा होतो, ग्लायकोलायसिस चालू राहतं. चारशे मीटर पळणाऱ्या खेळाडूच्या मांडीत हेच होतं. या अर्थाने लॅक्टेट हा विषारी कचरा नाही, ग्लायकोलायसिस चालू ठेवण्यासाठी पेशीने मोजलेली ती किंमत आहे. पुढे यकृत ते उचलून त्याचं परत ग्लुकोज बनवतं. फक्त त्या कामालाही एटीपी लागतं, आणि ते यकृताच्या स्वतःच्या तंतुकणिकांतूनच यावं लागतं. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

आता त्या फाटकाकडे. पायरुव्हेट तंतुकणिकेत शिरल्यावर क्रेब चक्रात सरळ जाऊ शकत नाही. त्यातला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर टाकायचा, इलेक्ट्रॉन काढून एनएडीला द्यायचे, आणि उरलेला दोन कार्बनांचा तुकडा को-एन्झाइम-ए ला जोडून ॲसेटिल-को-एन्झाइम-ए बनवायचं; तेच पुढे चक्रात शिरतं. हे करतो पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज नावाचा प्रचंड मोठा विकरसमूह. त्याला पाच सहाय्यक लागतात, आणि त्यांतले चार ब गटातल्या जीवनसत्त्वांपासून बनतात. एनएडी नायसिनपासून, एफएडी रायबोफ्लेविनपासून, को-एन्झाइम-ए पँटोथेनिक आम्लापासून. आणि पायरुव्हेटचा कार्बन मुळात तोडण्याचं काम ज्याच्या मदतीने होतं, तो थायमिन पायरोफॉस्फेट हा बी१ पासून, म्हणजे थायमिनपासून. पाचवं लिपोइक आम्ल शरीर स्वतः बनवतं.

या बाळांच्या दुधात बी१ जवळपास नव्हतंच.

रेमेडिया ही इस्रायली कंपनी सोयाबीनपासून बनवलेली बाळांची पावडर विकायची. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेली बाळं, किंवा धार्मिक आहारनियमांमुळे दुग्धविरहित पर्याय हवा असलेली कुटुंबं, असे तिचे ग्राहक. पावडर जर्मनीत ह्युमाना या कंपनीत बनायची, पण खास इस्रायलच्या बाजारासाठी, त्यामुळे जर्मनीतल्या बाळांना काही झालं नाही. २००३ मध्ये तिची कृती बदलली होती. सोयाबीनमध्ये बी१ नैसर्गिकरीत्या पुरेसं आहे, वरून मिसळायची गरज नाही, असा निष्कर्ष कुणीतरी काढला होता आणि तो चुकीचा होता. डब्यावर मात्र थायमिनचा आकडा छापलेलाच होता.

मोठ्या माणसाला हे इतक्या लवकर बाधलं नसतं. आपण पोळी खातो, डाळ खातो, शेंगदाणे खातो. एका पदार्थात कमी पडलं तर दुसऱ्यात मिळतं. तान्ह्या बाळाला एकच अन्न असतं. शरीरात थायमिनचा साठाही फार नसतो. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे २५ ते ३० मिलिग्रॅम, तोही दोन-तीन आठवड्यांत उतरणीला लागतो. बाळाचं काय होणार हे वेगळं सांगायला नको. शिवाय ताप आला की ऊर्जेची गरज वाढते, तसा थायमिनचा खर्चही. संसर्गानंतर बाळं कोलमडली ती म्हणून. संसर्ग मूळ कारण नव्हतं, पण आधीच रिकाम्या होत आलेल्या साठ्यावर शेवटचा ताण त्यानेच दिला असणार.

पेशीत काय चाललं होतं ते क्रमाने पाहू. पायरुव्हेट तयार होतंय, पण फाटक बंद. ते साचतं. एटीपी कमी पडू लागतं आणि ते खर्च झाल्यावर उरणारे एडीपी-एएमपी वाढतात. ग्लायकोलायसिसचा वेग ठरवणारं फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे विकर याच इशाऱ्यांवर चालतं. एटीपी भरपूर असेल आणि क्रेब चक्रातून सायट्रेट बाहेर येत असेल तर त्याला लगाम बसतो, एएमपी वाढलं की लगाम सुटतो. इथे लगाम सुटला. म्हणजे पुढचं दार बंद असताना मागून ग्लुकोज आणखी जोराने फोडलं जाऊ लागलं. एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चरने यीस्टमध्ये पाहिलं होतं की हवा मिळाली की यीस्ट साखर कमी खातं आणि हवा तोडली की अधाशासारखं खातं. बाळाची पेशी हवेत असूनही हवा तोडल्यासारखी वागत होती. जास्तीचं पायरुव्हेट लॅक्टेटमध्ये वळत गेलं, आणि ते उचलायला यकृताकडे एटीपी कुठून असणार? तिथलंही फाटक बंदच.

मग प्राणवायूच्या अभावाने वाढलेलं लॅक्टेट आणि बी१ च्या अभावाने वाढलेलं लॅक्टेट यांत फरक करता येतो का? येतो, आणि मला या सगळ्यातला हा भाग सर्वांत देखणा वाटतो. खंडाळ्याच्या घाटात ट्रक आडवा झाला काय किंवा पार पुण्याच्या तोंडाशी वाहतूक तुंबली काय, खोपोलीत उभ्या असलेल्याला रांग सारखीच दिसते. अडथळा कुठे आहे हे कळायला मधल्या टप्प्यावरची स्थिती बघावी लागते. पेशीत ही स्थिती सांगतं लॅक्टेट आणि पायरुव्हेट यांचं परस्पर प्रमाण.

प्राणवायू नसेल, किंवा सायनाइडसारख्या विषाने सायटोक्रोम ऑक्सिडेज बंद पडलं असेल, तर साखळी शेवटाकडून तुंबते. वाहक भरलेलेच राहतात, एनएडीएच साचतं. भरलेल्या वाहकांच्या रेट्याने पायरुव्हेटचा कल लॅक्टेटकडे झुकतो. लॅक्टेट चढतं, पायरुव्हेट तितकं चढत नाही, दोघांचं गुणोत्तर वाढतं. साधारण १० ते २० असायला हवं ते २५-३० च्या वर जातं. उलट अडथळा पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजवर असेल तर साखळी मोकळी असते, आलेलं एनएडीएच ती रिकामं करू शकते. अशा वेळी पायरुव्हेट आणि लॅक्टेट दोन्ही हातात हात घालून वर जातात आणि गुणोत्तर जागच्या जागी राहतं. नुसता लॅक्टेटचा आकडा ओरडून सांगतो की काहीतरी तुंबलंय. कुठे तुंबलंय ते शेजारचा दुसरा आकडा सांगतो. रोजच्या कामात पायरुव्हेट मोजलं जात नाही, कारण नमुना घेतल्याबरोबर नीट प्रक्रिया केली नाही तर तो आकडा बिघडतो. त्यामुळे हे सुरेख तर्कशास्त्र बरेचदा पुस्तकातच राहतं.

कुणी विचारेल, ग्लुकोज नाही तर नाही, चरबी आहे की. मेदाम्लं तंतुकणिकेत तुटून थेट ॲसेटिल-को-एन्झाइम-ए देतात. पायरुव्हेटच्या फाटकाला वळसा घालून पुढे जाता येतं. पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज जन्मतःच सदोष असलेल्या मुलांना म्हणूनच चरबीबहुल कीटोजेनिक आहार देतात. आणि हृदय तर एरवीही आपली बरीचशी ऊर्जा मेदाम्लांतूनच घेतं. मग या बाळांची हृदयं का खचली?

कारण थायमिनचं फाटक एक नाही. क्रेब चक्राच्या आत अल्फा-कीटोग्लुटारेट डिहायड्रोजिनेज नावाचं विकर आहे. पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजचं ते सख्खं भावंड; तीच रचना, तेच पाच सहाय्यक, त्यात थायमिन पायरोफॉस्फेटही. ग्लुकोजवाटे या, चरबीवाटे या, कीटोनवाटे या, चक्रात शिरल्यावर या विकरासमोर उभं राहावंच लागतं. ते मंदावलं की चक्रच मंदावतं, वाहक भरले जात नाहीत, आणि प्राणवायू घ्यायला साखळीच्या टोकाशी इलेक्ट्रॉनच येत नाहीत. जनुकीय दोष असलेल्या मुलाला जो वळसा उपयोगी पडतो, तो थायमिन संपलेल्या बाळाला पडत नाही. इथे प्राणवायू आणि मार्ग यांचं नातं पार उलटं झालेलं दिसतं. एरवी प्राणवायू नाही म्हणून चक्र थांबतं. इथे चक्र थांबलं म्हणून प्राणवायू बिनकामाचा झाला.

मेंदूची गत आणखी वाईट. प्रौढाचा मेंदू वजनाच्या २ टक्के असून शरीराच्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के वापरतो, आणि वाढत्या बाळात मेंदूचा वाटा याहून कितीतरी मोठा असतो. मेदाम्लं तो इंधन म्हणून जवळपास वापरतच नाही. ग्लुकोज आणि गरजेला कीटोन (यकृत चरबीपासून बनवतं ते इंधन), बस्स. त्यातही सगळा मेंदू सारखा मार खात नाही. मेंदूच्या मध्यरेषेजवळचे आणि मस्तिष्कस्तंभातले काही ठरावीक भाग आधी जातात. डोळ्यांच्या हालचाली चालवणारी केंद्रं तिथेच आहेत. दारूच्या आहारी गेलेल्या, नीट न जेवणाऱ्या माणसांत हाच आजार दिसतो आणि त्याला वर्निके एन्सेफॅलोपथी म्हणतात. सहा महिन्यांच्या बाळात तो शोधायची सवय कुणाला असणार?

रुग्णालयात अशा बाळाला काय दिलं जातं? उलट्या होतायत, दूध घेत नाहीये, म्हणजे सलाइन लावा, आणि बाळ आहे म्हणजे त्यात ग्लुकोज हवंच. आपल्याकडेही कुठल्याही दवाखान्यात हेच होईल आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते योग्यच आहे. पण थायमिन नसताना दिलेलं ग्लुकोज म्हणजे बंद फाटकावर आणखी पायरुव्हेट लोटणं. उरलंसुरलं थायमिन त्या गर्दीत संपतं आणि लॅक्टेट आणखी चढतं. म्हणून संशय असेल तिथे आधी थायमिन, किंवा निदान ग्लुकोजच्या बरोबरीने, असा दंडक आहे. कुपोषित किंवा मद्यपी रुग्णाच्या बाबतीत तो बहुतेक डॉक्टरांना पाठ असतो.

कोडं सुटलं ते आहाराच्या नोंदींवरून. सगळी बाळं एकाच ब्रँडच्या एकाच पावडरवर होती. अशा वेळी पावडरमध्ये विष आहे का असं आधी डोक्यात येतं. इथे पावडरमध्ये नको ते काही आलं नव्हतं, हवं ते नव्हतं. आरोग्य मंत्रालयाने पावडर बाजारातून परत बोलावली, पालकांना सावध केलं, आणि ती पावडर घेतलेल्या बाळांना थायमिन द्यायला सुरुवात झाली.

थायमिन कमी आहे हे सिद्ध करायची चाचणी मात्र खास थांबून बघण्यासारखी आहे, कारण ती ज्या पेशीत करतात तिला तंतुकणिका नसतातच. तांबडी पेशी अंगभर प्राणवायू वाहते आणि स्वतः त्यातला कणही इंधनासाठी वापरत नाही. तिचं सगळं ग्लायकोलायसिसवर चालतं. पण ग्लुकोजच्या आणखी एका वाटेवर, पेंटोज फॉस्फेट मार्गावर, ट्रान्सकीटोलेज नावाचं विकर असतं आणि त्यालाही थायमिन पायरोफॉस्फेट लागतं. तांबड्या पेशी फोडून त्यांचा रस दोन नळ्यांत घ्यायचा. एकीत काही घालायचं नाही, दुसरीत थायमिन पायरोफॉस्फेट घालायचं. दोन्हीत विकराचा वेग मोजायचा. बाळाच्या अंगात थायमिन पुरेसं असेल तर दोन्ही नळ्या जवळपास सारख्याच चालतात, फरक १५ टक्क्यांच्या आत. दुसरी नळी त्याहून बरीच जोरात धावली तर समजायचं की विकरं शाबूत आहेत, पण सहाय्यकावाचून रिकामी बसून आहेत. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी हीच चाचणी वापरली. २००५ मध्ये त्यांनी ९ बाळांचा तपशील प्रसिद्ध केला. त्यांतली २ हृदय निकामी होऊन गेली होती. संपूर्ण प्रकरणात त्या वेळी किमान ३ बाळं दगावली आणि वीसेक बाळांना गंभीर इजा झाली.

‘विकर आहे पण रिकामं आहे’ ही कल्पना आली ऑक्सफर्डमधून, रुडॉल्फ पीटर्सच्या प्रयोगशाळेतून, १९३० च्या सुमारास. तो कबुतरांना पॉलिश केलेला तांदूळच खायला घालायचा. काही आठवड्यांत कबुतराची मान मागे वळून पाठीला टेकायची, पक्षी तोल जाऊन पडायचा. बी१ ची सुई दिली की तोच पक्षी बघता बघता पुन्हा उभा राहायचा. इतक्या लवकर बरा होतो याचा अर्थ मेंदूच्या पेशी मेलेल्या नव्हत्या, काहीतरी अडलं होतं फक्त. पीटर्सने आजारी कबुतरांच्या मेंदूच्या ऊती काढून त्या मॅनोमीटरला, म्हणजे दाबमापकाला, जोडलेल्या छोट्या कुपीत ठेवल्या. कुपी बंद, आतला कार्बन डायऑक्साइड अल्कलीने शोषून घेतलेला, म्हणजे दाब उतरेल तो ऊतीने खाल्लेल्या प्राणवायूपुरताच. निरोगी कबुतराची ऊती भराभर प्राणवायू घ्यायची, आजारी कबुतराची रेंगाळायची आणि तिच्यात पायरुव्हेट साचलेलं सापडायचं. मग त्या कुपीतच बी१ ची अगदी किंचित मात्रा टाकली, आणि मॅनोमीटरचा द्रव पुन्हा सरकू लागला. पक्षी नाही, रक्ताभिसरण नाही, फुप्फुसं नाहीत. हवा आधीपासून होतीच. वाढलं ते फक्त जीवनसत्त्व आणि त्यासरशी प्राणवायूचा खप वाढला. सूक्ष्मदर्शकात काही न दिसणाऱ्या या बिघाडाला त्याने जैवरासायनिक इजा म्हटलं. १९३७ मध्ये लोमान आणि शुस्टर या शास्त्रज्ञांनी तो सहाय्यक थायमिन पायरोफॉस्फेट असल्याचं दाखवलं आणि कबुतराच्या मानेपासून पायरुव्हेटच्या रेणूपर्यंतची गोष्ट जुळली.

पॉलिशच्या तांदळाची हकीकत त्याच्याही आधीची. जावा बेटावर डच डॉक्टर ख्रिस्तिआन आयकमनने १८९० च्या दशकात पाहिलं की रुग्णालयातला शिजवलेला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्या बेरीबेरीत, म्हणजे थायमिनच्या अभावाने होणाऱ्या आजारात, माणसं पडतात तशा लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की सुधारतात. १९२९ चं नोबेल त्याला विभागून मिळालं. आपल्या कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज खाणाऱ्यांना या बाबतीत नकळत संरक्षण होतं. भात सालासकट उकडला की वरच्या थरातलं थायमिन दाण्याच्या आत शिरतं आणि नंतरच्या सडण्यात तितकं वाया जात नाही. पांढराशुभ्र, बारीक, चारदा धुतलेला आणि वरचं पाणी ओतून दिलेला भात या हिशोबात सर्वांत गरीब. भारतात हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. काश्मीरमध्ये फक्त आईच्या दुधावर असलेल्या, आणि आईचा आहार मुख्यतः पॉलिशच्या भाताचा असलेल्या बाळांत असाच लॅक्टेटचा अचानक उद्रेक डॉक्टरांनी नोंदवला आहे, आणि कर्नाटकात फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब एकाएकी वाढलेली तान्ही बाळं थायमिनने सुधारल्याच्या नोंदी आहेत. बाळंतिणीला ‘हे वातूळ, ते बाधेल’ म्हणत डाळी-भाज्या बंद करून नुसत्या भातावर ठेवणाऱ्या घरांतल्या थोरल्या बायकांना कुणी हे शांतपणे समजावून सांगायला हवं. आईच्या अंगात नसलेलं थायमिन दुधात उतरत नाही.

इस्रायलमध्ये पुढे रीतसर तपास झाला. ह्युमानाने चूक कबूल केली. २०१३ मध्ये तिथल्या न्यायालयाने रेमेडियाच्या अन्नतंत्रज्ञाला निष्काळजीपणे मृत्यूला कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरवून कैदेची शिक्षा दिली. बाळांच्या पावडरीच्या कारखान्यात थायमिनची तपासणी प्रत्येक घाण्याला व्हायला हवी होती, हे सांगायला जीवरसायनशास्त्र यावं लागत नाही. सोयाबीनमध्ये बी१ असतंच. पण ते पाण्यात विरघळतं, तापवलं की नासतं, आणि पावडर बनेपर्यंत उष्णतेच्या कितीतरी फेऱ्या होतात. कच्च्या मालातला आकडा तयार मालाला लावणं, एवढीही चूक पुरे होते.

थायमिन दिल्यावर काय झालं ते अवयवागणिक वेगळं. स्नायू आणि हृदय यांच्या बाबतीत वैद्यकात एरवीचा अनुभव असा की थायमिन शिरेतून गेलं की काही तासांत लॅक्टेट उतरू लागतं आणि खचलेलं हृदय काही दिवसांत सावरतं. विकर तयारच असतं, सहाय्यक मिळताच कामाला लागतं. पीटर्सच्या कुपीतलाच प्रयोग, फक्त जिवंत शरीरात. मात्र एटीपीविना फार काळ राहिलेली चेतापेशी मरते आणि मग रिकाम्या विकराला सहाय्यक देऊन काही साधत नाही. गंभीर आजारी पडलेल्या बाळांपैकी काहींना अपस्मार आणि कायमचं अपंगत्व आलं.

आणि ज्यांना बाळपणी अतिदक्षता विभाग बघावा लागला नव्हता, त्यांचं? हा प्रश्न तिथल्या संशोधकांनी सोडला नाही. पहिल्या वर्षात ती पावडर प्यायलेली ५९ मुलं त्यांनी ५ ते ७ वर्षांच्या वयात तपासली आणि वेगळं दूध प्यायलेल्या ३५ मुलांशी त्यांची तुलना केली. गुंतागुंतीची वाक्यं समजणं, तशी वाक्यं बोलणं आणि हवा तो शब्द वेळेवर आठवणं, एवढंच पाहिलं. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: ५९ पैकी ५७ मुलांना भाषेत अडचण होती, दुसऱ्या गटात ३५ पैकी ३ जणांना. ‘आजीने जिला हाक मारली ती मुलगी दाखव’ या धाटणीचं, एकात एक गुंतलेलं वाक्य त्यांना अडायचं. मेंदूत भाषेची घडी बसत असते त्या महिन्यांत तिथल्या पेशी कमी एटीपीवर चालल्या, आणि नंतर थायमिन कितीही मिळालं तरी ते महिने भरून निघाले नव्हते.